क्रियापदाला 'काय?' विचारून भागत नाही

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच मागणी केली: "सर, ट्रान्झिटिव्ह आणि इन्ट्रान्झिटिव्ह ओळखायची सोपी युक्ती सांगा." ती युक्ती तुम्हाला शाळेतच मिळालेली आहे. क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचारायचं. उत्तर आलं तर सकर्मक, नाही आलं तर अकर्मक. आज मला या युक्तीवरच टीका करायची आहे, कारण मी स्वतः ती अनेक वर्षं शिकवली आणि तिच्यापायी एका मुलीला गप्प बसवलं.

नववीचा वर्ग होता. फळ्यावर लिहिलं, 'ही ईट्स अ मँगो.' खातो काय? आंबा. सकर्मक. 'ही स्लीप्स.' झोपतो काय? उत्तर नाही. अकर्मक. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, 'ही बिकेम अ डॉक्टर'. झाला काय? डॉक्टर. मग बिकम सकर्मक का?" मी म्हणालो, "अपवाद आहे, पाठ कर." ती बसली. आज कबूल करतो, अपवाद वगैरे काही नव्हता. तिची शंका रास्त होती, माझी युक्ती तोकडी होती.

बघा, चुकतं कुठे. पहिल्या वाक्यात खाणारा वेगळा आणि आंबा वेगळा. दुसऱ्यात तो आणि डॉक्टर एकच माणूस. इथे 'डॉक्टर' हे कर्म नाही, कर्त्याविषयी माहिती देणारं पूरक आहे. इंग्रजीत त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात. 'काय?' हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू पडतो, म्हणून फसगत होते. मग वाक्य पॅसिव्ह करून बघा. 'अ मँगो इज ईटन बाय हिम' चालतं, पण 'अ डॉक्टर वॉज बिकम बाय हिम' चालत नाही. अर्थात हीसुद्धा रामबाण परीक्षा नव्हे. 'शी हॅज अ कार' यातलं हॅव सकर्मकच आहे, तरी त्याचं पॅसिव्ह होत नाही.

आता व्याख्येकडे येऊ. कर्त्याची क्रिया पलीकडे कर्मावर जाते ते सकर्मक, असं आपण घोकतो. ट्रान्झिटिव्ह या शब्दाच्या लॅटिन मुळातही पलीकडे जाण्याचाच अर्थ आहे. पण 'ही नोज द आन्सर' यात कोणती क्रिया उत्तरावर जाऊन पोचली? त्याला ठाऊक असल्यानं उत्तराचं काहीच झालं नाही. म्हणजे व्याख्या अर्थाची आणि प्रश्न वाक्यरचनेचा, असा घोळ आहे.

माझा दुसरा आक्षेप मोठा आहे. आपण फळ्यावर दोन रकाने आखतो आणि क्रियापदं त्यांत वाटून टाकतो. जणू जन्मतःच त्यांच्या कपाळी शिक्का असतो! 'द कप ब्रोक' आणि 'ही ब्रोक द कप', क्रियापद एकच. पहिलं अकर्मक, दुसरं सकर्मक. शिक्का क्रियापदाला नाही, त्या वाक्यातल्या त्याच्या वापराला लागतो. ए. एस. हॉर्नबी यांनी हे ओळखलं होतं. ऑक्सफर्डनं 1948 साली काढलेल्या त्यांच्या शिकाऊंसाठीच्या कोशात क्रियापद कोणकोणत्या वाक्यसाच्यांत बसतं ते दाखवलेलं होतं.

आणि गंमत अशी, की मराठी मुलाला हा फरक आधीच येत असतो. आपण 'कप फुटला' म्हणतो आणि 'त्याने कप फोडला' म्हणतो. तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे, सुटणे–सोडणे. इंग्रजीत अशा जोड्या थोड्याच उरल्या आहेत. राइज आणि रेझ, लाय आणि ले. झाड पडतं ते फॉल, झाड पाडणं ते फेल. बाकी ब्रेक, बर्न, बॉइल अशी कितीतरी क्रियापदं एकाच रूपात दोन्ही कामं करतात, जसं आपलं उघडणे: 'दार उघडलं', 'तिने दार उघडलं'. भूतकाळात सकर्मकाच्या कर्त्याला 'ने' लागतो, हेही मूल न शिकवता पाळतं. तिथेही 'तो धडा शिकला', 'ती नाव विसरली' अशी वाक्यं आहेतच. कर्म आहे, पण 'ने' नाही. एकाच खुणेवर विसंबून मराठीतही चालत नाही.

मग हे सगळं कशासाठी? परीक्षेतल्या एका गुणासाठी नव्हे. मुलाखतीत आपला मुलगा 'वुई डिस्कस्ड अबाउट इट' म्हणतो, कारण मराठीत आपण विषयावर चर्चा करतो. डिस्कसला मात्र थेट कर्म लागतं. 'आय एन्जॉइड अ लॉट' म्हणतो, कारण 'मजा केली' यात मजा आलेलीच असते. एन्जॉयला पुढे काहीतरी हवं, निदान 'मायसेल्फ' तरी. उलट 'लिसन मी' म्हणतो, तिथे 'टू' हवा. या चुका 'काय?' विचारून सुटणार नाहीत. चर्चा कशाची ते त्याला नीट ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की डिस्कसच्या पुढे काय ठेवायचं.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती: रकाने पुसा. नवं क्रियापद आलं की त्याची दोन-तीन पूर्ण वाक्यं वहीत लिहून घ्या, पुढे कर्म येतं की शब्दयोगी ते बघा. युक्ती सांगायचीच असेल तर ती कुठे फसते तेही त्याच तासाला सांगा. आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, तर 'पाठ कर' म्हणू नका. मी म्हणालो होतो. त्या वर्षी त्या मुलीनं पुन्हा हात वर केला नाही.