परिकथा आणि कहाणी : शर्मिष्ठादेवी होळकर यांच्या विवाहकथेचे वाचन

राजा आणि सामान्य घरातील महत्त्वाकांक्षी तरुणी यांच्या प्रेमाची गोष्ट हा परिकथेचा सर्वांत टिकाऊ आकृतिबंध होय. विसाव्या शतकात तो बालवाङ्मयातून वृत्तपत्रांत आला आणि तेथेच रुजला. १९५६ मधील मोनाकोचा राजविवाह हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. मराठी संस्थानी जीवनात मात्र हा प्रकार त्याआधी २८ वर्षे घडून गेला होता. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) आणि अमेरिकेतील सिएटलची नॅन्सी ॲन मिलर यांचा विवाह १७ मार्च १९२८ रोजी नर्मदाकाठच्या बडवाह येथे झाला. चार दिवस आधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते वधूची शुद्धी होऊन तिचे नाव शर्मिष्ठादेवी ठेवण्यात आले. होळकर धनगर समाजाचे; म्हणून लांभाते या धनगर कुटुंबाने तिला दत्तक घेतले. वर ३७ वर्षांचा, वधू विशीतली.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांना ही सिंड्रेलाची गोष्ट वाटली. सिंड्रेलाची गोष्ट लग्नाशी संपते. पुढे काय झाले हे विचारण्याची सोय त्या आकृतिबंधात नाही. मराठी परंपरेतील श्रावणातल्या कहाण्यांची रचना याच्या नेमकी उलट आहे. आटपाट नगरातील राजाला एक आवडती आणि एक नावडती अशा राण्या असतात, आणि कहाणी सुरू होते तीच मुळी लग्नानंतर. नावडतीला गुरांच्या गोठ्यात राहावे लागते, पण कहाणी तिच्या बाजूने बोलते. तुकोजीरावांच्या १९२८ च्या विवाहाला हा देशी आकृतिबंधच अधिक लागू पडतो. चंद्रावतीबाई आणि इंदिराबाई या त्यांच्या दोन राण्या आधीपासून होत्या. परिकथेला त्या अडचणीच्या वाटल्या, म्हणून तिने त्यांना वगळले. कहाणीकाराने त्यांच्यापासूनच आरंभ केला असता.

शुद्धीचा अर्थही येथेच उलगडतो. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह करायचा तर दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात असता कामा नये, अशी अट होती. तुकोजीरावांना हा मार्ग बंद होता. तत्कालीन हिंदू विवाहपद्धतीत पुरुषाला बहुपत्नीत्वाची मुभा असल्याने वधूने हिंदू होणे हाच व्यवहार्य मार्ग उरला. प्रीतीसाठी धर्म सोडला, असे या घटनेचे वर्णन केले जाते. ते खोटे नाही. मात्र धर्म बदलला तो एकीनेच, आणि त्या बदलाने तिला तिसरे स्थान मिळाले.

या कथेची पूर्वपीठिका तर परिकथेला मुळीच पेलणारी नाही. इंदूर दरबारातील नर्तकी मुमताज बेगम राजवाड्यातून बाहेर पडली आणि मुंबईचे व्यापारी अब्दुल कादिर बावला यांच्या आश्रयाला आली. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला. बावला मारले गेले, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. योगायोगाने तेथून जाणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे ती वाचली. खटल्याचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोग की राज्यत्याग, असा पर्याय समोर आल्यावर तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. म्हणजे नॅन्सी मिलर हिने वरले ते गादी नसलेल्या राजाला.

दोन्ही तरुणींच्या कथा शेजारी ठेवून वाचल्या तर भाषेतील पक्षपात लक्षात येतो. राजवाड्यात शिरणारीची कथा ‘रोमान्स’ ठरते. राजवाड्यातून बाहेर पडू पाहणारीची कथा ‘बावला खून खटला’ या नावाने, म्हणजे मृत पुरुषाच्या नावाने, ओळखली जाते. स्वतःच्या आयुष्याची दिशा स्वतः ठरवण्याची इच्छा मुमताजजवळ कमी नव्हती. किंबहुना तिने मोजलेली किंमत पाहता ‘महत्त्वाकांक्षी’ हे विशेषण तिलाच अधिक शोभते. पण तिच्यासाठी ते कोणी वापरले नाही. १९२५ मध्येच या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट निघाला, हे बाजाराच्या तत्परतेचे द्योतक आहे.

आता ‘शर्मिष्ठा’ या नावाकडे वळावे लागते. महाभारतातील शर्मिष्ठा असुरराज वृषपर्व्याची कन्या, म्हणजे आर्यकुळाबाहेरची. ती देवयानीची दासी होऊन ययातीच्या घरी जाते आणि राजाची प्रीती गुपचूप मिळवते. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे सारे होते असे म्हणता येणार नाही. पण नावे आपला अर्थ सोबत आणतातच. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ने (१९५९) मराठी वाचकाच्या मनात शर्मिष्ठेला निःस्वार्थ प्रेमाचे रूप दिले. त्या कादंबरीत देवयानी आणि शर्मिष्ठा दोघीही स्वतः बोलतात, ही तिची मोठी जमेची बाजू. इंदूरच्या कथेत एकीचाही स्वर ऐकू येत नाही. महाकाव्यातील शर्मिष्ठेचा पुत्र पुरू गादीवर बसतो. इंदूरला, पुढच्या पिढीत, यशवंतराव होळकरांना अमेरिकन पत्नीपासून झालेला पुत्र डावलला गेला आणि १९६१ मध्ये वारसा आला तो कन्या उषादेवी यांच्याकडे.

उरतो नाशिकचा प्रश्न. समुद्रापलीकडील तरुणीला १९२८ मध्ये विधिपूर्वक हिंदू करून घेण्यात आले, त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. जन्माने हिंदू असलेल्यांसाठी ती दारे पाच वर्षांच्या लढ्यानंतरही उघडली नाहीत.