तात्पर्यनिर्णय आणि निबंधाची बांधणी

रायपूर ही ज्यांची कर्मभूमी, त्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. तुलनाकारांचे लक्ष बहुधा अनुवादाच्या भाषेकडे जाते; ग्रंथाच्या बांधणीकडे क्वचितच. वस्तुतः १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ शास्त्रीय निबंधाची रचना कशी असावी, या प्रश्नाला दिलेले एक स्वतंत्र उत्तर आहे.

पहिल्याच प्रकरणात टिळक मीमांसकांची तात्पर्यनिर्णयाची साधने पुढे ठेवतात. उपक्रम व उपसंहार यांचा मेळ, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही ती साधने होत. ती मुळात वाचकाची; टिळक त्यांवर लेखकाची इमारत उभारतात. मात्र अध्यायवार सविस्तर पडताळा चौदाव्या प्रकरणापर्यंत लांबतो. मधल्या प्रकरणांत सुखवादापासून भक्तिमार्गापर्यंतचा विचार येतो. परिणामी संहितेची साक्ष सिद्धान्तामागून चालते, आणि साक्षीदार आधीच पढवलेला आहे की काय, अशी शंका चिकित्सक वाचकास येते. ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

याउलट काळ, कर्तृत्व इत्यादींचे बहिरंगपरीक्षण त्यांनी परिशिष्टात ठेवले. पाश्चात्त्य प्राच्यविद्येत ज्या प्रश्नांना अग्रस्थान मिळे, त्यांना शेवटी बसविणे हाही एक युक्तिवादच होय. तो कुठल्याही प्रकरणात मांडलेला नाही, अनुक्रमणिकेत मात्र दिसतो. आजच्या प्रबंधलेखनात गृहीतक, पुरावा, निष्कर्ष हा साचा इतका रुळला आहे, की क्रमातून होणारा असा प्रतिवाद परीक्षकास केवळ अव्यवस्था वाटण्याचा संभव आहे.