यंत्राची प्रसवशक्ति आणि रसिकाची पारख

रिचर्ड डॉकिन्स यांचा ‘दि ब्लाइंड वॉचमेकर’ हा ग्रंथ १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. उत्क्रांतीचें तत्त्व पटविण्यासाठीं त्यांत संगणकाचे दोन प्रयोग सांगितले आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकानें ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत. कारण निर्मितींत यंत्राकडे काय सोपवावें व स्वतःकडे काय राखावें, या आजच्या प्रश्नाचें बीज त्यांत आहे.

पहिल्या प्रयोगांत ‘हॅम्लेट’मधील, मोकळ्या जागा धरून २८ खुणांचें, एक वाक्य साध्य म्हणून आधींच ठरविलेलें आहे. यंत्र वाटेल त्या अक्षरांपासून आरंभ करतें, चुकांसह नकला काढतें, आणि साध्याशीं अधिक जुळणारी नक्कल पुढच्या पिढीसाठीं राखतें. वाक्य लवकरच सिद्ध होतें. पण ही निर्मिति नव्हे. उत्तर ठाऊक असतांना गणित सोडविण्यासारखें तें आहे. दूरचें साध्य ठरवून निसर्ग चालत नाहीं, हें डॉकिन्स स्वतःच कबूल करतात.

दुसऱ्या प्रयोगांत यंत्र रेषाकृतींची संतति पडद्यावर मांडतें आणि माणूस तींतून एक निवडतो. डॉकिन्स यांना झाडांची अपेक्षा होती. समोर कीटक अवतरले, आणि त्यांची नजर तिकडे वळली. माझ्या मतें सारें मर्म या वळण्यांत आहे. यंत्राला मोजतां येतें. न मागितलेलें चांगलें ओळखणें हें रसिकाचें काम.

आमच्या वाङ्मयाला हा अनुभव नवा नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्यांचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या मुखानें चालत आले; गाणारांनीं शब्द फिरविले, ‘नामा’ ही मुद्रा इतरांनींही घेतली. पुढें १६०४ सालीं गुरु अर्जुनदेवांनीं आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हां त्यांत नामदेवांचीं ६१ पदें घेतलीं. पाठ बदलायला विस्मरणही पुरेसें होतें; निवडायला मात्र जाणता श्रोता लागला.

कोणी म्हणेल, रसिकही थकतो. खरें आहे. शेंकडों आकृति पाहून डोळा शिणतो व ओळखीचेंच पसंत करूं लागतो. या पद्धतीचें हें वैगुण्य तज्ज्ञांनाही मान्य आहे. म्हणून जुन्या निवडींवरून यंत्रालाच आवड शिकवावी, असा मार्ग निघाला. त्यानें श्रम वांचतील. पण कालची आवड हेंच उद्यांचें साध्य होऊन बसेल, आणि आपण पुन्हां पहिल्या प्रयोगाशीं येऊं. थकल्यावर काम थांबवावें, हें बरें. प्रसव यंत्राचा असो. पारख आपली असावी, आणि तीही पाहिलेल्यापासून शिकणारी.