लहान मदरबोर्डांचे परीक्षण : एका प्रचलित मोजणीची चिकित्सा

कमी विजेवर चालणाऱ्या लहान मदरबोर्डांच्या परीक्षणाचे जे तक्ते प्रसिद्ध होतात, त्यांत एका रकान्यात वेग व दुसऱ्यात प्रोसेसरच्या उत्पादकाने दिलेला वॅटचा आकडा मांडून पहिल्यास दुसऱ्याने भागण्याची प्रथा पडली आहे. हा भागाकार गणितदृष्ट्या निर्दोष असतो. परंतु तो नक्की कशाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते तो मदरबोर्डाचा नव्हेच.

इंटेलचा २००८ सालचा डी९४५जीसीएलएफ हा १७ सेंटिमीटर चौरस बोर्ड उदाहरणादाखल घ्यावा. त्यावरील ॲटम २३० प्रोसेसरचा औष्णिक आकडा ४ वॅट. त्याच्या जोडीस दिलेल्या ९४५जीसी चिपसेटचा मात्र सुमारे २२ वॅट. परिणामी प्रोसेसरवर धातूचे साधे पंख पुरले, आणि फिरता पंखा बसवावा लागला तो चिपसेटवर! तक्ता बाजूस ठेवून बोर्डाकडे नुसते पाहिले असते, तरी भाजक कोठे चुकला हे परीक्षकास उमगले असते. शिवाय असा आकडा प्रत्यक्ष वीजवापराचा नसून, शीतनव्यवस्थेने किती उष्णता वाहून नेली पाहिजे याचा असतो. तेव्हा मोजणी व्हावयाची ती भिंतीवरील सॉकेटपाशी, वीजपुरवठ्याच्या साधनातील घट जमेस धरूनच.

पण तेथे वॅट मोजल्यानेही काम संपत नाही. समजा, एक बोर्ड १० वॅट घेऊन एक काम ६० सेकंदांत उरकतो. दुसरा २५ वॅट घेऊन २० सेकंदांत. पहिल्यास ६०० ज्यूल लागले, दुसऱ्यास ५००. म्हणजे अधिक वॅट घेणारा बोर्डच येथे काटकसरी ठरला. आता हेच काम तासातून एकदाच करावयाचे असून उरलेल्या वेळी पहिला ४ वॅट व दुसरा ९ वॅट घेत स्वस्थ बसतो, असे धरू. तासाचा हिशेब १४,७६० विरुद्ध ३२,७२० ज्यूल असा येतो आणि निकाल सपशेल उलटतो. रात्रंदिवस चालू राहणारी नोंदणीयंत्रे विभागासाठी घ्यावयाची असतील, तर निर्णय या रिकाम्या वेळेवरच अवलंबून राहतो. प्रबंधांतील तक्त्यांत तिच्यासाठी बहुधा रकानाच नसतो!

वेग मोजण्याच्या साधनांविषयी थोडेच सांगणे पुरे. राइनहोल्ड वाइकर यांनी १९८४ साली रचलेला ड्राय्‌स्टोन हा कार्यक्रम इतका छोटा आहे, की तो आजच्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये सहज मावतो. साहजिकच बोर्डावरील स्मृतीची व तिच्या मार्गाची परीक्षा त्यात होतच नाही. अपूर्णांकी गणित तर त्यात नाहीच.

अधिक गंभीर दोष आहे तो कालावधीचा. २०१८ सालच्या रास्पबेरी पाय ३ बी+ या बोर्डाचा कमाल वेग १.४ गिगाहर्ट्‌झ, परंतु चिपचे तापमान ६० अंश सेल्सिअसवर गेले की मूळ मांडणीनुसार तो १.२ गिगाहर्ट्‌झवर उतरतो, आणि ८० अंशांच्या सुमारास त्याहूनही खाली येतो. अर्धा मिनिट चालणाऱ्या चाचणीस हा उतार दिसण्याचे कारण नाही. म्हणून तापमान स्थिरावेपर्यंत चाचणी चालवावी, आणि निकालाशेजारी तिचा अवधी व खोलीचे तापमान नोंदवावे. थंड प्रदेशातील प्रयोगशाळेत मिळालेला आकडा मे महिन्यातील नागपूरच्या खोलीत, बंद पेटीत ठेवलेल्या त्याच बोर्डाकडून मिळेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही.