विखुरलेल्या बंदांची सामायिक भाषा : प्रतिमा-विनिमयाच्या नियमांचें परीक्षण

जुन्या कागदांच्या प्रतिमा यंत्रावर घरबसल्या पाहतां येऊं लागल्या, तेव्हां संशोधकाचे निम्मे कष्ट वाचले असें पुष्कळांस वाटलें. अनुभव थोडा निराळा आला. प्रत्येक ग्रंथालयानें आपली मांडणी निराळी केली, पानें उलटण्याची युक्ति निराळी ठेविली, आणि एका संग्रहांतील पान दुसऱ्या संग्रहांतील पानाशेजारीं मांडून पाहण्याची सोय सहसा राहिली नाहीं. एका पत्राचा वरचा बंद एका संस्थेंत व खालचा दुसरीकडे असला, तर ते पूर्वीं जितके दूर होते तितकेच प्रतिमारूपानेंहि दूर राहिले. ह्या अडचणीवर 'इंटरनॅशनल इमेज इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क' ह्या नांवाचा जो नियमसंच युरोप-अमेरिकेंतील ग्रंथालयांनीं तयार केला, तो आमच्या मोडी कागदांच्या कसोटीवर घासून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रतिमाशोधास सामायिक भाषा असावी हा विचार नवा नव्हे. जिनीव्हा विद्यापीठांतील संशोधकांनीं २००० च्या सुमारास 'मल्टिमीडिया रिट्रीव्हल मार्कअप लँग्वेज' ही भाषा पुढें आणिली. विचारणाऱ्यानें नमुन्याचें चित्र द्यावें, यंत्रानें त्यासारखीं चित्रें साम्याच्या क्रमानें परत पाठवावीं, त्यांतील उपयोगी कोणतीं व निरुपयोगी कोणतीं हें विचारणाऱ्यानें सांगावें व यंत्रानें पुन्हां शोधावें, अशी तिची रीत होती. पुढें २००२ सालीं 'एम्-पेग-७' ह्या आंतरराष्ट्रीय मानकानें रंग, पोत व आकार ह्यांचीं वर्णनें कशीं नोंदवावीं हेंहि ठरवून दिलें. हे प्रयत्न बुद्धिमत्तेचे होते ह्यांत शंका नाहीं. परंतु दप्तराच्या अभ्यासकास त्यांचा लाभ अल्पच. पहिल्यानें प्रश्न विचारण्याची रीत एक केली, पण साम्य मोजण्याचें माप ज्याचें त्याच्यापाशींच राहिलें. दुसऱ्यानें मापें ठरविलीं. पण रंगावरून व पोतावरून शोधूं गेल्यास आमचे बहुतेक कागद सारखेच. पिवळट पडलेला कागद आणि काळी शाई ह्यांपलीकडे यंत्रास त्यांत भेद तो काय दिसणार ?

प्रस्तुत नियमसंचाच्या कर्त्यांनीं निराळी वाट धरिली. चित्रांतील साम्य शोधण्याच्या भानगडींत न पडतां, असलेली प्रतिमा मागावी कशी व द्यावी कशी एवढेंच त्यांनीं प्रथम ठरविलें. स्टॅनफर्ड, ऑक्सफर्डचें बोडलियन, ब्रिटिश लायब्ररी आदि संस्थांमध्यें २०११ सालीं विचारविनिमय सुरू होऊन प्रतिमेविषयींचे पहिले नियम २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. जून २०१५ मध्यें ऑक्सफर्ड येथें अकरा संस्थांनीं ह्या कामीं संघ स्थापिला. २०२० सालीं तिसरी आवृत्ति निघाली. तींत ध्वनि व चलच्चित्रें ह्यांचाहि समावेश झाला.

नियम साधे आहेत. प्रतिमेच्या पत्त्यांतच क्रमानें पांच गोष्टी लिहावयाच्या : कोणता भाग हवा, किती आकाराचा, किती अंशांनीं फिरविलेला, रंगीत कीं करडा कीं निव्वळ काळापांढरा, आणि कोणत्या प्रकारच्या फाइलींत. पत्राच्या माथ्यावरील शिक्का तेवढा दाखवावयाचा झाल्यास निराळें छायाचित्र नको. चार अंकांनीं चौकट सांगितली कीं तेवढाच भाग वाचकापुढें येतो. नियमांचा दुसरा विभाग मांडणीचा. त्यांत 'मॅनिफेस्ट' नांवाची यादी असून प्रत्येक पानासाठीं 'कॅनव्हास' म्हणजे एक कोरी चौकट कल्पिलेली असते. तिजवर प्रतिमा, वाचन व टीपा लावावयाच्या; आणि ती प्रतिमा कोणत्याहि संस्थेच्या भांडारांतून आली तरी चालते.

ह्याचें फळ काय, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. फ्रान्समधील शातोरू येथील नगरग्रंथालयांत 'ग्रांद क्रोनिक द फ्रांस' ह्या राजवृत्ताचें १५ व्या शतकांतील हस्तलिखित आहे. त्यांतील कांहीं चित्रें कोणीं कापून नेलीं. तीं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आढळलीं. प्रस्तुत नियमांच्या आधारें शातोरूच्या पानांतील रिकाम्या जागीं पॅरिसचीं चित्रें बसविण्यांत आलीं. कागद आपापल्या जागीं राहिले, मालकी ज्याची त्याजपाशीं राहिली, आणि वाचकास मात्र अखंड पान मिळालें. तिसऱ्या आवृत्तींत तर लांब गुंडाळीचे तुकडे सलग दाखवावे अशी एक खास सूचना यादींत लिहितां येते. आमच्या जोडबंदांसाठीं ह्याहून सोयीचें काय असणार ? मराठ्यांचे कागद पुणें, तंजावर, लंडन असे विखुरलेले असतां ह्या सोयीकडे दुर्लक्ष करणें परवडणारें नाहीं.

येथवर स्तुति झाली. आतां दोष सांगणें प्राप्त आहे.

पहिला दोष वर्णनाचा. यादींत कागदाविषयीं जी माहिती द्यावयाची, ती केवळ वाचकास दाखविण्यापुरती. त्या शब्दांचा अर्थ यंत्रास कळावा असा नियमाचा हेतूच नाहीं. सविस्तर नोंद दुसरीकडे ठेवून तिचा पत्ता तेवढा देतां येतो. एकानें 'रुमाल' लिहिलें, दुसऱ्यानें 'दप्तर', तिसऱ्यानें 'गठ्ठा', तर तिन्ही प्रतिमा एका चौकटींत येतील, पण तिन्ही नोंदी एकमेकींस ओळखणार नाहींत.

दुसरा दोष आम्हांस अधिक गंभीर वाटतो. आमच्या पत्रांत पुष्कळदां 'छ' ह्या खुणेपुढें चांद्रमासाची तारीख व महिना असतो, पण वर्ष नसतें. कांहींत सुहूर सन असतो, कांहींत शक. नियमांतील कालनिर्देशाच्या रकान्यास मात्र ख्रिस्ती वर्ष, महिना, दिवस व वेळ हीं ठराविक सांच्यांतच पाहिजेत. हा रकाना केवळ कालक्रमानें मांडणी करण्यासाठीं आहे, व तो भरणें ऐच्छिक आहे, हें खरें. परंतु रकाना दिसला कीं भरणारा भरतो. आणि संपादकाचा तर्क एकदां सांच्यांत बसला कीं तो कागदाचाच शब्द म्हणून फिरूं लागतो. बिनवर्षी पत्रास वर्ष देणें हा आमच्या शास्त्रांतील अत्यंत वादाचा भाग आहे. तो वाद एका रकान्यानें गुपचूप मिटवावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

तिसरा दोष मापाचा. चौकटीची लांबी-रुंदी प्रमाण दाखविते, कागदाची खरी लांबी नव्हे. ती सांगण्याची सोय वेगळी जोडावी लागते. दोन फाटके बंद एकमेकांचे आहेत कीं नाहींत हें ठरवितांना खऱ्या मापाशिवाय निर्णय देणें धाडसाचें होय. पडद्यावर जुळलेल्या कडा हा पुरावा नव्हे.

चौथी उणीव शोधाची. २०१६ सालीं निघालेले शोधविषयक नियम प्रतिमेस जोडलेल्या मजकुरांत शोध करितात, प्रतिमेंत नव्हे. मोडी अक्षरांस युनिकोडमध्यें २०१४ सालींच जागा मिळाली, हें ठीक. पण ज्या पत्राचें वाचन कोणीं केलेंच नाहीं तें पत्र ह्या शोधास अदृश्यच राहणार. वाचकाची जागा नियम घेऊं शकत नाहीं.

संग्राहकांच्या मनांत एक भीति असते कीं, प्रतिमा दिली कीं कागदावरील आपला हक्क गेला. ह्या नियमांत प्रतिमा मालकाच्याच भांडारांतून जाते, त्याचा नामनिर्देश दाखविणें बंधनकारक करितां येतें, व परवानगी नसलेल्यास लहान आकाराची प्रतिमाच देण्याचीहि सोय आहे. तथापि जें डोळ्यांस दिसलें त्याची नक्कल होऊं शकते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्याहून मोठा धोका निराळाच आहे. सारी जुळणी पत्त्यांवर उभी असल्यानें एका संस्थेनें आपला पत्ता बदलला किंवा भांडार बंद केलें, कीं जोडलेलें पान पुन्हां फाटतें. नियम पत्ता लिहिण्याची रीत सांगतो. तो टिकविण्याची जबाबदारी संस्थेचीच.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. प्रतिमेविषयींचे नियम जसेच्या तसे स्वीकारावे. त्यांस पर्याय काढण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. वर्णनाचे नियम मात्र आपल्या दप्तरांस अनुसरून आपणच करावे. रुमाल व पत्रांक, बंदांची संख्या, कागदाचें प्रत्यक्ष माप, पाठीवरील मजकूर, शिक्का व मोर्तब, मूळांत आहे तशी मिति, आणि तिच्याखालीं निराळ्या ओळींत तिचें रूपांतर, तें करणाराचें नांव व त्याचें कारण, इतक्या गोष्टी प्रत्येक नोंदींत असाव्या. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड छापिले, तेव्हां वाचकास मूळ कागद दाखविण्याचा उपाय त्यांच्या हातीं नव्हता. तो आज आपल्या हातीं आहे. कागद दाखवितांना त्यांत नसलेलें कांहीं त्याच्या तोंडीं घातलें जाऊं नये, एवढी काळजी घेतली म्हणजे ह्या नव्या साधनाचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करूं.