अवयव पाडायचे, पण कशाचे?

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की दोन विषय हमखास कानावर पडतात. एक इकाम्याचा आणि दुसरा मुलांच्या गणिताचा. इकाम्याच्या बाबतीत आपल्या हातात फारसे काही नाही. गणिताच्या बाबतीत मात्र आहे, असे मला वाटते, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

सौदी अरेबियातल्या आपल्या बहुतेकांची मुले भारतीय दूतावासाच्या आश्रयाखालील शाळांत जातात. जेद्दाची शाळा १९६९ची; पुढे रियाध, दम्माम, जुबेल अशा ठिकाणीही शाळा निघाल्या. अभ्यासक्रम सी.बी.एस.ई.चा आणि पुस्तके एन.सी.ई.आर.टी.ची. सातवीपर्यंत आई-वडील घरी अभ्यास घेतात. आठवीत बैजिक राशींचे अवयव येतात, नववीत मधल्या पदाची फोड येते, आणि त्याच सुमारास घरात 'ट्यूशन' हा शब्द शिरतो. मी शिक्षक नाही, इंजिनियर आहे. पण शुक्रवारी सकाळी आमच्या इमारतीतली चार-पाच मुले वह्या घेऊन बसतात, त्यामुळे ही पुस्तके आणि त्यांच्याभोवती उभी राहिलेली 'मदत' दोन्ही जवळून पाहता आली. त्या दोन्हींबद्दल माझी तक्रार एकच आहे. मुलांना अवयव पाडायला शिकवले जाते, पण कशाचे आणि कशासाठी, हे दाखवले जात नाही.

आधी पुस्तकांविषयी. २००८ साली आलेले आठवीचे पुस्तक अनेक वर्षे आपल्या घरात होते. त्यातला अवयवांचा धडा नीटनेटका होता. संख्यांच्या अवयवांपासून सुरुवात, मग सामाईक अवयव काढणे, पदांचे गट पाडणे, नित्यसमानता, आणि शेवटी बेरीज व गुणाकार जुळवणाऱ्या दोन संख्या शोधणे. 'चूक शोधा' असा एक भागही होता, आणि तो मला पुस्तकातला सर्वांत शहाणा भाग वाटतो, कारण मुले नेमक्या त्याच चुका करतात. परंतु क्ष² + ५क्ष + ६ म्हणजे डोळ्यांपुढे काय आणायचे, हे त्या धड्यातून कळत नव्हते. 'बेरीज पाच आणि गुणाकार सहा' अशा दोन संख्या शोधा, एवढी आज्ञा होती. मूल दोन आणि तीन शोधते, कंसात लिहिते, बरोबरची खूण मिळवते. अशी चाळीस उदाहरणे केली तरी ते कोड्याची पुस्तिका सोडवत असते. त्याला बीजगणित म्हणायचे ते केवळ पुस्तकावर तसे छापले आहे म्हणून!

वास्तविक या आज्ञेमागचे कारण कागद आणि कात्रीने पाच मिनिटांत दाखवता येते. क्ष बाजूचा एक मोठा चौरस कापा. क्ष लांबीच्या आणि एक रुंदीच्या पाच पट्ट्या कापा. एक बाजूचे सहा लहान चौरस कापा. आता मुलाला सांगा, या बारा तुकड्यांचा एक अखंड आयत लाव. मूल आधी चार पट्ट्या उजवीकडे आणि एक खाली ठेवते. कोपऱ्यात चारच चौरस बसतात, दोन उरतात. मग तीन उजवीकडे आणि दोन खाली ठेवते. कोपऱ्यात सहाच्या सहा चौरस बसतात. आयत पुरा झाला. त्याच्या बाजू क्ष + ३ आणि क्ष + २. पाच ही बेरीज का, तर पट्ट्या दोन बाजूंना वाटल्या म्हणून. सहा हा गुणाकार का, तर कोपरा भरायचा म्हणून. अवयव म्हणजे क्षेत्रफळ माहीत असलेल्या आयताच्या बाजू. हे एकदा हाताने केलेले मूल 'बेरीज की गुणाकार' असा घोळ सहसा घालत नाही.

एन.सी.ई.आर.टी.ला चित्रांचे वावडे होते असे मात्र नाही. दहावीच्या पुस्तकात वर्गसमीकरणांच्या धड्यात 'वर्ग पूर्ण करण्याची' रीत होती, आणि तिथे क्ष² + ४क्ष हे चौरसाच्या आकृतीने दाखवले होते. अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याच्या मोहिमेत हा भाग वगळायचे २०२२ साली ठरले आणि २०२३च्या आवृत्तीतून तो गेला. आता अवयवांच्या रीतीनंतर वर्गसमीकरणाचे सूत्र थेट 'असे असे असते' म्हणून येते. ते कुठून आले, हे मुलाने विचारू नये अशीच जणू व्यवस्था. भार कमी झाला म्हणतात. मला तर उलटे दिसते. कारण गेले तेव्हा पाठांतर वाढले, आणि पाठांतराचा भार मोजण्याची सोय कुठल्या समितीकडे नसते.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की २०२५ साली आठवीसाठी 'गणित प्रकाश' हे नवे पुस्तक आले, आणि त्यात राशींचे गुणाकार क्षेत्रफळाच्या चित्रांनी समजावले आहेत. ही दिशा चांगली आहे. पण चित्राने गुणाकार करता येणे ही अर्धी वाट झाली. आयत दिला असता बाजू शोधणे, ही परतीची वाट. आणि मुले चुकतात ती परतीच्या वाटेवर.

आता मदतीविषयी. आपल्याकडे ती तीन प्रकारची मिळते. ट्यूशनचे सर, आर. डी. शर्मांसारखी जाड पुस्तके, आणि अलीकडे फोन. फोनने गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येते. जाड पुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला रीत समजली आहे त्याला सरावाला ती उत्तमच. पण या तिन्ही मदती मुलाला एकाच जागी नेऊन सोडतात, ती म्हणजे उत्तर. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने एका शिकवणीत वर्षभर जाऊन शंभरेक अवयव पाडले होते. मी त्याला क्ष² + ५क्ष + ५ दिले. तो बराच वेळ संख्या शोधत राहिला आणि मग म्हणाला, "काका, छपाईची चूक आहे." पूर्णांकांत अवयव न पडणारीही राशी असू शकते, ही शक्यताच त्याच्यापुढे कधी आली नव्हती. पट्ट्या मांडल्यावर मात्र त्याला लगेच दिसले की तीन-दोन मांडले तर कोपऱ्यात एक चौरस कमी पडतो आणि चार-एक मांडले तर एक जास्त होतो.

इथे मला आपण ज्या मुलखात राहतो त्याची आठवण होते. 'अल्जिब्रा' हे नावच मुळी अरबी. मुहम्मद इब्न मूसा अल् ख्वारिज्मी याने बगदादमध्ये, खलिफा अल् मामूनच्या कारकिर्दीत (८१३ ते ८३३), 'अल् जब्र वल् मुकाबला' या विषयावर ग्रंथ लिहिला. जब्र म्हणजे तुटलेले पूर्ववत करणे. हाड बसवणाऱ्याला अरबीत मुजब्बिर म्हणतात, आणि इथल्या इस्पितळात काम करणाऱ्या मंडळींना 'जबीरा' हा शब्द ठाऊक असेलच. गंमत पाहा, आपण मराठीत राशीचे अवयव पाडतो आणि त्यांनी मोडलेले हाड बसवले! अवयव पाडण्याला आजच्या अरबीत 'तहलील' म्हणतात. लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो की पाटीवर दिसतो तोच शब्द.

पण मला त्या ग्रंथाचे कौतुक नावासाठी नाही, शिकवण्याच्या पद्धतीसाठी आहे. त्यात क्ष नाही, चिन्हे नाहीत, सगळे शब्दांत. आणि हेतू सुरुवातीलाच सांगितलेला: वारसाहक्क, वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी. ग्रंथाचा मोठा हिस्सा वारसाहक्काच्या हिशेबांनीच भरला आहे. त्यातले प्रसिद्ध उदाहरण असे: एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून एकोणचाळीस. आपल्या भाषेत क्ष² + १०क्ष = ३९. तो आधी रीत सांगतो आणि मग चौरस काढून ती सिद्ध करतो. दहा पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटा, पाच इकडे, पाच तिकडे. कोपरा रिकामा राहतो, पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीसचा. तो भरा. एकोणचाळीस अधिक पंचवीस चौसष्ट; म्हणजे पुऱ्या चौरसाची बाजू आठ. त्यातून पाच वजा केले, उत्तर तीन.

हे आणि वरचे बारा तुकड्यांचे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहा. अवयव पाडताना कोपरा दिलेला असतो, आणि तो बरोबर भरेल अशी पट्ट्यांची वाटणी आपण शोधतो. वर्ग पूर्ण करताना वाटणी सारखी करतो आणि कोपरा आपल्या पदरचा भरतो. चित्र एकच. अवयव अडले की वर्ग पूर्ण करा, आणि तेच अक्षरांत केले की सूत्र तयार. म्हणजे दहावीतून जे वगळले ते एक जादा प्रकरण नव्हते, अवयव आणि सूत्र यांना जोडणारा तो सांधा होता.

चित्राला मर्यादा आहे, तीही सांगतो. क्ष² − ५क्ष + ६ आले की पट्ट्या 'उणे' कशा मांडायच्या? अल् ख्वारिज्मीने उणे उत्तरे मानलीच नाहीत. त्याने समीकरणाचे सहा प्रकार केले आणि प्रत्येकाची रीत वेगळी दिली. उणे संख्यांच्या बाबतीत आपले भास्कराचार्य पुढे होते. त्यांचे 'बीजगणित' ११५०च्या सुमाराचे. त्यात धन आणि ऋण, म्हणजे शिल्लक आणि कर्ज, सरळ सरळ चालतात. अज्ञात राशींना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे आहेत. वर्गसमीकरणाच्या प्रकरणाचे नाव 'मध्यमाहरण', म्हणजे मधले पद काढून टाकणे. आपण मधले पद फोडतो, ते नाहीसे करत. आणि त्यासाठी त्यांनी आधीच्या श्रीधराचार्यांचा नियम श्रीधरांच्या नावानिशी दिला आहे.

त्यातले माकडांचे उदाहरण मुलांना फार आवडते. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडे वनात खेळत आहेत, उरलेली बारा डोंगरावर ओरडत आहेत, एकूण किती? मांडणी केली की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येते. आता पाठ्यपुस्तकाच्या आज्ञेप्रमाणे बेरीज चौसष्ट आणि गुणाकार सातशे अडुसष्ट अशा दोन संख्या शोधायला बसा. चांगले मूलही दमते. पण चौसष्टची सारखी वाटणी करा, बत्तीस आणि बत्तीस. त्यांचा गुणाकार एक हजार चोवीस, हव्यापेक्षा दोनशे छपन्न जास्त. त्याचे मूळ सोळा. तेव्हा दोन संख्या बत्तीस अधिक सोळा आणि बत्तीस वजा सोळा: अठ्ठेचाळीस आणि सोळा. दोन्ही उत्तरे भास्कराचार्यांनी ग्राह्य धरली आहेत. म्हणजे 'वगळलेली' रीत अवयव शोधायलाही उपयोगी पडते!

हे सगळे आज सांगण्याचे कारण असे. सी.बी.एस.ई.ने २०२० पासून दहावीला गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पेपर ठेवले. पुढे गणित घ्यायचे नाही त्याने बेसिक घ्यावे, ही मूळ कल्पना. ती वाईट नाही. पण हा निर्णय चौदा-पंधराव्या वर्षी होतो, आणि पुष्कळदा नववीतल्या याच धड्याच्या धास्तीने होतो. मुलाला गणित नको असेल तर जरूर सोडू दे. पण जे त्याला दिसलेच नाही ते सोडायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

आणि इथे मराठी आई-बापांचा हात वाटतो तितका आखूड नाही. "आमचे मराठी माध्यम, आता सगळे इंग्रजीतून, आम्ही काय शिकवणार?" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. अहो, अवयव, सहगुणक, मूळ, पूर्ण वर्ग हे शब्द स्वतःच अर्थ सांगतात. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात 'बैजिक राशींचे अवयव' हा धडा आहे आणि दहावीत पूर्ण वर्ग पद्धतीही आहे. ही पुस्तके इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. मूल इंग्रजी पुस्तकातले उदाहरण वाचेल, तुम्ही मराठीत अर्थ सांगा. परीक्षेत त्याने काय लिहायचे ते त्याला कळते.

चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग, त्या मठाला कोणी काय द्यायचे तो, जुन्या मराठीत आहे. गणित शिकवण्याचा खर्च गावाने उचलायचा, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. आपल्या मंडळाला मठ काढायचा नाही. महिन्यातून दोन शुक्रवार, एक खोली, रंगीत कागद आणि चार कात्र्या एवढेच पुरेल. मंडळात इंजिनियर मोजायचे तर हाताची बोटे पुरत नाहीत. त्यांपैकी दोघे-तिघे तयार झाले तरी पुढच्या सत्रात नववीच्या मुलांपासून सुरुवात करता येईल. कार्यकारिणीने विचार करावा. कात्र्या मी आणीन.