सातवाहन नाण्यांवरील मातृनाम आणि रोमन सम्राज्ञींचे अंकन

रोमच्या चांदीच्या नाण्यांवर सम्राज्ञीचे मुखचित्र दिसते, सातवाहनांच्या नाण्यांवर राजाच्या मातेचा निर्देश आढळतो; यास्तव दोन्हीकडे राजस्त्रीचे स्थान सारखेच होते, अशी तुलना सहज सुचते. परंतु नाण्यांवरील लेखांचे व्याकरण तपासता ती चिंत्य ठरते.

इ. स. च्या दुसऱ्या शतकात सम्राट अंतोनिनस पायस याने दिवंगत पत्नी फाउस्टिना हिच्या नावाने नाणी काढली. त्यांवर तिचे मुखचित्र असून ‘दिवा फाउस्टिना’ ही पदे प्रथमा विभक्तीत आहेत. मागील बाजूस कधी सेरेस ही धान्यदेवता येते, तर कधी कॉन्कॉर्डिया, म्हणजे मूर्त झालेले ऐक्य. लॅटिनमधील अशी गुणवाचक नामे बहुधा स्त्रीलिंगी असल्याने गुणांना देवीरूप मिळणे सुलभ झाले.

याउलट, भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपात मिळालेल्या चांदीच्या नाण्यावर ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’ असा लेख आहे. येथे षष्ठी राजाची, मुखचित्रही राजाचेच. ‘गोतमी’ हे केवळ समासाचे पूर्वपद. शिवाय ते व्यक्तिनाम नसून गोत्रदर्शक आहे. याच कुळातील पूर्वीचा राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या मातेचे नाव बलश्री होते, हे नाशिकच्या लेखावरून ज्ञात आहे. मात्र पुत्राच्या बिरुदात ते उतरले नाही.

चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, ब्रह्मपुरी भागात सापडलेला नाणेसंचय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हर्न्ले यांनी १८९३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पोटीन या मिश्रधातूच्या त्या नाण्यांवर हत्तीची आकृती व पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशा राजांची नावे आहेत. मातृनाम सामान्यतः नाही. मातृनाम हे राजमातेच्या सत्तेचे चिन्ह असते, तर ते या नित्य व्यवहारातील नाण्यांवरही अपेक्षित होते. अर्थात, लहान नाण्यावर अक्षरांस जागा अपुरी पडते; म्हणून या अभावावरून विदर्भात स्त्रीचा मान कमी होता, असेही म्हणता येणार नाही.

खरी तुलना करावयाची, तर ती नागनिकेच्या चांदीच्या नाण्याशी करावी. तेथे सातकर्णीच्या नावासोबत ‘नागनिकाय’ हे पद स्वतंत्र षष्ठीत येते. राणी येथे समासात लीन नाही. नाणे तिचेही आहे. मुखचित्र नसताही, राजस्त्रीच्या अधिकाराचा पुरावा म्हणून ही एक विभक्ती ‘गोतमिपुतस’ या पदाहून अधिक बलवत्तर आहे.